पहिली की दुसरी

बाबांना दर रविवारी पत्र लिहायचं, हा आमच्या घरचा नियम होता. बाबा तेलवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर होते. वर्षातले आठ-नऊ महिने ते समुद्रावर असायचे, आणि त्यांच्या कंपनीचं ऑफिस सिंगापूरला असल्यामुळे मी आणि आई तिथल्या क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, म्हणजे उंच इमारतीत, सातव्या मजल्यावर भाड्याने राहायचो. पत्र मराठीतच लिहायचं, हा त्या नियमाचा दुसरा भाग. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेराव्या वर्षी इथे आलेली. बोलायला मराठी येत होतं, लिहिताना मात्र दर ओळीला अडायचे. पत्र लिहून झालं की ते आईकडे जायचं. लग्नाआधी ती प्राथमिक शाळेत शिकवत असे. टोक केलेली पेन्सिल घेऊन ती जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि मी समोर उभी राहायचे.

"'आम्ही ठिक आहोत.' ठीकची कुठली वेलांटी?"

"पहिली."

"परत बघ."

"दुसरी."

"आता अंदाजाने सांगितलंस. पहिली नाही म्हणजे दुसरी."

"पण बाबांना कळतं ना. काय फरक पडतो?"

"त्यांना कळतं, कारण तू काय लिहिणार ते त्यांना आधीच ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नाही त्याने काय करावं?"

मी वेलांटी खोडून दुसरी काढायचे. घराबाहेर मी कुणाशीच फारसं बोलत नव्हते. ज्युनियर कॉलेजात मी खिडकीजवळच्या बाकावर बसायचे आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. वर्गातल्या मुली वाईट नव्हत्या. त्यांचं इंग्रजी भराभर चालायचं, शेवटी 'लाह' लावून थांबायचं, आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसायचा. शिप आणि शीप त्यांच्या तोंडी एकच. "तुझे बाबा शीपवर असतात ना?" असं कुणी विचारलं की मेंढीवर बसून समुद्र ओलांडणारे बाबा माझ्या डोळ्यांसमोर यायचे आणि मी मान खाली घालून हसायचे. आपलं इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं आहे, असं मला वाटायचं. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, पण वाटायचं.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये आखातातल्या एका देशात शेजारच्या देशाचं सैन्य घुसलं, आणि बाबांचं जहाज नेमकं आखातातच फेऱ्या करत होतं. तेव्हापासून आमच्या घरात संध्याकाळच्या बातम्या लागायला लागल्या. आईला इंग्रजी वाचता यायचं, पण बातम्या देणाऱ्या बाईचा वेग तिला झेपत नसे. मग ती बाई एक वाक्य बोलायची आणि मी ते मराठीत सांगायचे. सगळंच सांगायचे असं नाही. एखादं वाक्य गाळायचे, एखादं मवाळ करायचे. 'धमकी' न म्हणता 'इशारा' म्हणायचे. आई माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत राहायची.

वर्षअखेरच्या सुट्टीसाठी फिजिक्सच्या सरांनी प्रत्येकाला एक विषय निवडायला सांगितला. जानेवारीत वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं होतं. वर्गासमोर दहा मिनिटं बोलण्यापेक्षा मी दहा पत्रं लिहायला तयार झाले असते. पण त्याच आठवड्यात पेपरात एक लेख आला होता. कुणी क्षेपणास्त्र सोडलं तर ते अवकाशातून लगेच कळतं, तसे उपग्रह वर फिरत आहेत, असं त्यात लिहिलं होतं. मी तोच विषय घेतला. सरांना मी कारण सांगितलं नाही. बाबा ज्या बंदरात जातील त्या बंदरावर वरून कुणाची तरी नजर आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

लायब्ररीत मला दोन पुस्तकं मिळाली. दोन्ही जुनी, दोन्हींना कुबट वास. मी वाचायला घेतलं ते धीर मिळावा म्हणून, पण त्यात धीर देणारं फार नव्हतं. असे उपग्रह बनवायला माणसांनी साठ सालाच्या सुमारास सुरुवात केली. पहिला उपग्रह कक्षेत पोचलाच नाही. दुसरा पोचला आणि दोनेक दिवसांत मुका झाला. वर फिरत होता, काय बघत होता कोण जाणे, पण खाली काही सांगेना. त्या दुसऱ्या उपग्रहाबद्दल मला उगीचच आपलेपणा वाटला.

त्याही पुढची अडचण वेगळी होती. क्षेपणास्त्र उडतं तेव्हा त्याच्या मागे प्रचंड उष्णता निघते. उपग्रहाला दिसते ती ही उष्णता, क्षेपणास्त्र नाही. पण उंचावरच्या ढगांवर सूर्यप्रकाश पडला की तोही उपग्रहाला तसाच दिसे. ढग चमकला की वाटे, कुणी तरी काही तरी सोडलं. आणि ही चूक किरकोळ नव्हती. त्या इशाऱ्यावर विसंबून उलटा हल्ला करायला माणसं बटणापाशी बसलेली असत.

सुट्टीतल्या एका दुपारी आई मेथी निवडत होती आणि मी समोर वही घेऊन बसले होते.

"काय वाचतेस गं एवढं?"

मी सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"पण त्यांना एवढ्या वरून दिसतं काय?"

मला 'उष्णता' हा शब्द पटकन सुचला नाही. घरात कोण म्हणतं उष्णता. "ऊन दिसतं," मी म्हटलं. "म्हणजे जे ऊन असतं ना, गरम, ते दिसतं."

"ऊन तर सगळीकडेच असतं."

"अगं तसलं ऊन नाही. ऊन ऊन भात म्हणतो ना, तसलं."

"आणि सूर्याचं?"

"ते वेगळं. ते दिसायला नको. पण त्यांना तेही दिसायचं. त्यांचा तोच तर घोटाळा व्हायचा. दोन्ही सारखीच वाटायची."

आईने मेथीची काडी मोडली. "शब्द एकच असल्यावर घोटाळा होणारच," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मग काढला कसा त्यांनी तो घोटाळा?"

ते मी तोवर वाचलं होतं. नंतरचे उपग्रह खूप वर, सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर ठेवले. तिथून अर्धी पृथ्वी एका नजरेत येते. तो उपग्रह स्वतःभोवती सावकाश फिरत असतो, आणि दर दहा सेकंदांनी त्याची दुर्बीण खालची तीच जागा पुन्हा बघते. ढगावरचं ऊन दहा सेकंदांनी तिथेच असतं. क्षेपणास्त्र पुढे सरकलेलं असतं.

"म्हणजे परत बघतो," आई म्हणाली.

"हो."

"मग एवढं वर जाऊन शिकला काय? ते मी तुला इथे बसून सांगते."

आम्ही दोघी हसलो. युद्ध सुरू होण्याआधीची ती आमची शेवटची हसण्याजोगी दुपार असावी, असं आता वाटतं.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. टीव्हीवर हिरवट आकाश आणि त्यात वर चढणारे ठिपके दिसायला लागले. क्षेपणास्त्रं आता खरोखर उडत होती, आणि बातम्या देणारी बाई त्यांची नावं अशी घ्यायची की जणू ती रोजच्या बसची नावं असावीत. बाबांचं जहाज एका बंदरात तेल भरायला धक्क्याला लागलं आहे, एवढं आम्हाला कंपनीकडून कळलं होतं.

त्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी नऊला आई लिटिल इंडियाला गेली. रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बिशान भागातून ओळखीच्या दोघी-तिघी आणि ब्लॉकमधल्या एक बाई येणार होत्या, आणि तीळ लिटिल इंडियातल्या सेरंगून रोडच्या एका ठरावीक दुकानातलेच हवे असत. कार्यक्रम रद्द करू या का, असं मी ती निघताना विचारलं होतं. "रद्द कशाला? काही झालंय का?" असं म्हणून तिने पिशवी घेतली होती.

सव्वादहाला फोन वाजला. बाबांच्या कंपनीच्या ऑफिसातली बाई बोलत होती. ती वयस्कर चिनी बाई, सगळे तिला आंटी म्हणत. मी तिला दोन-तीनदा पाहिलं होतं. मागे कुणाचे तरी मोठ्याने बोलण्याचे आवाज येत होते आणि ती घाईत होती.

"युवर फादर," ती म्हणाली. "एंजिन रूम. हिट. व्हेरी बॅड हिट. हॉस्पिटलमध्ये नेलंय, जहाजावरून खाली उतरवून. तुझी आई घरात आहे?"

"नाही."

"ओके. तर मग..."

"ओके. थँक यू," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

ती पुढे काही तरी बोलत होती. ते मला ठेवताना कळलं होतं. पण पुढचं ऐकायचं धैर्य माझ्यात नव्हतं. परत सांगा, असं म्हणायचं तर मुळीच नव्हतं. हिट. बंदरावर क्षेपणास्त्र पडलं, ते जहाजाच्या इंजिनरूमवर पडलं, आणि त्यात बाबा होते. मला काहीच विचारायची गरज वाटली नाही. पाच महिने मी हेच वाक्य ऐकायची वाट बघत होते.

मी टीव्ही लावला. त्या वेळी चिनी भाषेतला स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता. बंद केला. खुर्चीवर बसले. समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत होते आणि त्यांवर लख्ख ऊन पडलं होतं. एका काठीवर ओळीने पाच पांढरे शर्ट होते. आईला फोन करायचा तर कुठे करणार? खाली जाऊन ब्लॉकमधल्या बाईंना सांगावं का, असं मनात आलं. पण सांगितलं की ते खरं झालं असतं. मी तशीच बसून राहिले. पावणेदोन तास.

बारा वाजता आई आली. चपला काढल्या, पिशवी ओट्यावर ठेवली.

"गूळ चांगला मिळाला या वेळी," ती म्हणाली. "पिवळाधमक आहे. तीळ मात्र निवडायला लागणार." मग ती हात धुवायला गेली, पाणी प्यायली, बाहेर येऊन टेबलाशी उभी राहिली. मी खुर्चीतच बसून होते. तिने तिळाची पुडी सोडली, ताटात तीळ ओतले, आणि उभ्याउभ्याच बोटाने पसरायला लागली. पाच-दहा मिनिटं ती नुसती तीळ पसरत होती.

मग म्हणाली, "सांग."

"कंपनीचा फोन आला होता."

तिचं बोट थांबलं.

"बाबांना हॉस्पिटलात नेलंय. इंजिनरूमला क्षेपणास्त्र लागलं. बाबांना लागलंय."

ती ओरडली नाही, बसलीही नाही. ताटाची कड धरून उभी राहिली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. मराठी शब्द चुकल्यावर कपाळावर जी आठी यायची, तीच तिथे होती.

"असं म्हणाली ती? क्षेपणास्त्र?"

"नाही. पण..."

"ती काय म्हणाली ते तिच्या शब्दांत सांग. तुझ्या नको."

"युवर फादर. एंजिन रूम. हिट. व्हेरी बॅड हिट."

"आणखी?"

"एवढंच."

आईने ताटाची कड सोडली. मग म्हणाली, "पहिली की दुसरी?"

मला वाटलं, हिचं डोकं ठिकाणावर नाही. "आई, तो इंग्रजी शब्द आहे."

"असू दे. पुण्याला पाणी तापवायचा हीटर होता आपल्याकडे. त्याची दुसरी, ना?"

"हो."

"आणि लागण्याची?"

"पहिली."

"मग ती कुठली म्हणाली?"

मी आठवू लागले. खरोखर आठवू लागले, डोळे मिटून. आंटीचा आवाज माझ्या कानात अगदी स्पष्ट होता. हिट. हीट. शिप. शीप. तो आवाज दोन्हींच्या मधोमध होता. मी त्याला पहिली वेलांटी दिली होती. तिने दिली नव्हती.

"माहीत नाही," मी म्हटलं. "ते लोक दोन्ही सारखंच म्हणतात."

"मग विचारलं का नाहीस?"

मी उठून रिसीव्हर उचलला.

ऑफिसचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. शनिवारी ऑफिस एकला बंद होई. आईने ताटावर झाकण ठेवलं आणि चपला घातल्या. "चल," ती म्हणाली. "समोर उभं राहून विचारू."

ऑफिस अलेक्झांड्रा भागात, आमच्याकडून बसने दहा मिनिटांवर. बसमध्ये आई खिडकीशी बसली. मी मनात वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं. माझे बाबा जिवंत आहेत का, हे एका अनोळखी भाषेत नव्हे, मला चांगल्या येणाऱ्या भाषेत विचारायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं. उतरताना आईने माझा दंड धरला. ती कधी असा धरत नसे.

आंटी पर्स आवरत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? बरं झालं."

मी काउंटरच्या कडेला दोन्ही हात ठेवले. "सकाळी तुम्ही जो शब्द म्हणालात, त्याचं स्पेलिंग सांगा," मी म्हटलं. "एच आय टी की एच ई ए टी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने समोरचा टेलेक्सचा कागद उलटा फिरवून माझ्यापुढे सरकवला आणि नखाने दाखवलं. "हीट लाह. एच, ई, ए, टी. बॉयलरमध्ये शिरले होते. फार गरम. तू काय समजलीस? बॉम?"

मी मान हलवली.

"आय्या," ती हळू म्हणाली. "मी तुला हॉस्पिटलचा नंबर देत होते सकाळी. तू थँक यू म्हणून ठेवूनच दिलास."

मी आईकडे बघितलं. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिला यातलं किती कळलं, ते मला कळलं नाही.

"काय म्हणतात?" तिने विचारलं.

"दुसरी," मी म्हटलं. "बाबांना... उष्णता..."

"ऊन लागलं," आई म्हणाली. आणि मग तिने काउंटरजवळची खुर्ची ओढली आणि त्यावर बसली.

मला त्या क्षणी आनंद झाला. हे लिहायला अवघड आहे, पण झाला. ऊन लागणं म्हणजे काय, कांदा फोडून नाकाला लावायचा, पन्हं प्यायचं, दुपारभर अंधाऱ्या खोलीत पडायचं. लहानपणी मलाही लागलं होतं. आंटीने तिथूनच हॉस्पिटलला फोन जोडून दिला. पलीकडे हिंदी बोलणारी नर्स होती, केरळची असावी. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने रिसीव्हर माझ्या हातातून घेतला.

"मैं उनकी घरवाली बोल रही हूँ," ती म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. ती विचारत गेली: कब लाए, होश में हैं क्या, बुखार कितना है, पेशाब हो रहा है क्या. एकदा तिने "फिरसे बोलिए" म्हटलं, मग परत एकदा. नर्सचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. मी आईचा चेहरा बघत होते, आणि माझा आनंद हळूहळू उतरत गेला.

बाबा कालपासून शुद्धीवर नव्हते. ताप उतरत नव्हता. मूत्रपिंडांना धक्का बसला होता. ऊन लागून माणूस जातो, हे मला त्या दिवशी कळलं. आईला ते आधीपासून माहीत होतं.

हळदीकुंकू झालं नाही. त्याच संध्याकाळी आई म्हणाली, पत्र लिही. उद्या रविवार आहे, मी म्हटलं. आजच लिही, ती म्हणाली. मी लिहिलं. आई पेन्सिल घेऊन बसली, वाचलं, पेन्सिल न टेकवता घडी घातली आणि पाकीट चिकटवलं. रथसप्तमीला ती दर वर्षी खिडकीशी, सूर्याकडे तोंड करून, दूध उतू घालवायची. त्या वर्षी पातेलं बाहेर काढलं नाही. "यंदा उन्हाला काही नको," ती म्हणाली. त्याच दिवशी दुपारी बाबांनी डोळे उघडल्याचं कळलं. पातेलं तरीही बाहेर आलं नाही.

वर्गासमोर मी बोलले. कागदाकडे बघत, फार हळू आवाजात बोलले, सरांनी दोनदा "मोठ्याने" म्हटलं. शेवटी एका मुलीने विचारलं की ढगावरचं ऊन आणि क्षेपणास्त्र यांतला फरक ओळखायला दहा सेकंद लागतात, तेवढ्यात कुणी बटण दाबलं तर? मला माहीत नाही, असं मी उत्तर दिलं. ते खरं होतं.

तीन आठवड्यांनी बाबा घरी आले. अंगावरचे कपडे त्यांना मोठे होत होते. हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी त्यांनी सांगितलं. त्यांचं जहाज जुनं, वाफेवर चालणारं. बॉयलरची एक नळी गळत होती. बॉयलर बंद केला की तो निवायला एक दिवस तरी द्यायचा, मग माणूस आत शिरतो. पण त्या दिवशी बंदरात सायरन वाजला. क्षेपणास्त्र सुटलंय, असं वरून कळलं होतं. बंदरवाल्यांनी सांगितलं, जेवढ्या लवकर निघता येईल तेवढ्या लवकर जहाज धक्क्यावरून काढा. बॉयलरशिवाय ते जहाज हलणार नव्हतं. बाबा सहा-सात तासांतच आत शिरले.

"आणि क्षेपणास्त्र?" मी विचारलं.

"कुठे काय. काही पडलं नाही आमच्याकडे."

"म्हणजे खोटाच इशारा?"

"कोण जाणे. दुसरीकडे कुठे पडलं असेल. समुद्रात पडलं असेल. आम्हाला कोण सांगतंय?"

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. वरच्या त्या यंत्राने त्या दिवशी काय बघितलं, ते मला कधीच कळणार नाही. नीट बघितलं असेल आणि त्यामुळे कितीतरी माणसं वाचली असतील. किंवा ते ढगावरचं ऊन असेल. बाबांना फरक पडला नसता. त्यांना जे लागलं ते खालचं ऊन होतं.

डॉक्टरांनी त्यांना इंजिनरूम कायमची बंद केली. आता ते एका शिपयार्डच्या ऑफिसात बसतात, एसीमध्ये. दुपारी बसस्टॉपपर्यंत चालायचं असलं तर ब्लॉकच्या सावलीसावलीने लांबचा रस्ता घेतात. समुद्राबद्दल बोलत नाहीत. ऊन ऊन वरणभात मात्र अजून लागतो.

मागच्या वर्षी घर बदलताना त्यांच्या जहाजाच्या बॅगेत मला माझं ते पत्र सापडलं. मी उभ्यानेच वाचलं. 'आई ठिक आहे, मी ठिक आहे, तुम्हाला उन लागले हे कळले.' पहिल्याच ओळीत तीन चुका. ऊनचा ऊ दीर्घ, हे मला आता न विचारता कळतं. ते पत्र बघूनच मी हे लिहायला घेतलं. लिहून झालं तेव्हा सवयीने आईकडे दिलं, आणि देताना मला धास्ती वाटत होती, कारण पावणेदोन तासांबद्दल मी तिला कधी सांगितलं नव्हतं. फोन नुकताच आला, असं तिला वाटत असेल, अशीच माझी समजूत होती.

तिने चष्मा लावला. पेन्सिल घेतली. दोन ठिकाणी खुणा केल्या. मग त्या पानावर आली आणि वाचत राहिली. वर बघितलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"फोन येऊन बराच वेळ झाला होता ते. मी आत आले तेव्हा तू रिसीव्हर उलटा ठेवला होतास. वायर भलत्याच बाजूने आली होती. आणि टीव्हीवरचं कापड काढून ठेवलेलं."

"मग लगेच का नाही विचारलंस?"

आईने पेन्सिलचं टोक बघितलं. "तू सांगशील म्हणून थांबले," ती म्हणाली. "आणि भीती वाटली. तीळ पसरत होते तोवर काही झालं नव्हतं."

आत बाबा कसला तरी डबा शोधत होते, त्याचा आवाज येत होता. मग मी विचारलं, "त्या पत्रातल्या चुका तेव्हा दिसल्या नव्हत्या का तुला?"

"दिसल्या होत्या."

"मग?"

"ते शुद्धीवर नव्हते गं," ती म्हणाली, आणि पान उलटलं.